हातमोज्यांचा खोका

३ नोव्हेंबर, मंगळवार

टिकटिक,

'प्रिय' लिहीत नाही. लिहिलं तर 'आता आठवलं का प्रिय' म्हणशील, आणि तुझ्या तोंडून माझीच भाषा ऐकायची मला हौस नाही.

साध्या कामासाठी लिहिते आहे. माझ्या कपाटाच्या वरच्या फळीवरचा खोका तू नेलास. त्याच्या जागी घराची किल्ली ठेवलीस. तू लग्न करून घर सोडलंस त्याला आज एकोणीस दिवस झाले आणि मला हे आज सकाळी कळलं, ते बरणीचं झाकण घट्ट बसवायला रबर काढायला गेले तेव्हा. किल्ली बघून आधी वाटलं, विसरलीस. मग खोका दिसेना. मग मी स्टुलावरून उतरले आणि जमिनीवरच बसले. ते असो.

खोक्यावर माझ्या अक्षरात 'हातमोजे' लिहिलं आहे. ते हातमोजे मला परत हवेत. तातडीने. ते वापरू नकोस. कशालाही वापरू नकोस. जुने झालेत. वरची तारीख बघू नकोस, ती तारीख खरी नाही. तुला हातमोजे लागतच असतील तर मी नवे, चांगले पाठवते, किती हवेत तेवढे सांग.

तुला सात वेळा फोन केला. पहिल्यांदा उचललास आणि माझं 'हॅलो' ऐकून ठेवलास. नंतरच्या सहा वेळा ती यंत्रातली बाई बोलली. ती माझ्याशी तुझ्यापेक्षा नम्रपणे बोलते. तिला कदाचित मी वाढवलेलं नाही म्हणून असेल.

तुझा पत्ता मला दिलेला नाहीस. चष्म्याच्या दुकानात आहेस एवढं माहीत आहे, म्हणून हे पाकीट सव्वासातच्या बसच्या कंडक्टरकडे देते. तो म्हणाला, ''ताई, आजकाल पत्र कोण लिहितं?'' म्हटलं, ''ज्यांचा फोन कोणी उचलत नाही ते.''

संध्याकाळची रक्त पातळ करायची गोळी चुकवत नाहीस ना?

त्या दिवशी मी जे बोलले ते बोलले. त्यावर नंतर बोलू. आधी खोका.

आई


६ नोव्हेंबर, शुक्रवार

टिकटिक,

माझं पाकीट काल परत आलं. मागच्या बाजूला तुझं अक्षर: 'हातमोजे कुठे घालतात ते मला कळतं. मी सव्वीस वर्षांची आहे.'

वाचून मी कपाळावर हात मारला. म्हणजे तुला माहीत होतं. कधीपासून? शाळेत निबंध लिहिला होतास, 'माझी आई हातमोजे तपासते, त्यामुळे डॉक्टरांचे हात स्वच्छ राहतात'. तेव्हाही माहीत होतं? बाईंनी त्याला दहापैकी नऊ दिले होते. एक गुण कशाचा कापला असेल, ते आता कळतंय.

आमच्या कंपनीच्या बसमध्ये बावीस बायका. त्यातल्या नऊ जणी, घरी सांगायला, हातमोज्यांच्या कारखान्यात जातात, सात फुग्यांच्या, आणि उरलेल्या सहा दुधाच्या बाटल्यांच्या बुचांच्या. बस एकच, फाटक एकच, आणि आत गेल्यावर टोपी घालून सगळ्या एकाच टेबलावर तोच माल तपासतात. संध्याकाळी परत आपापल्या कारखान्यातून घरी. सत्तावीस वर्षं मी ही नोकरी केली, आणि तो शब्द कंपनीच्या फाटकाबाहेर एकदाही उच्चारला नाही.

म्हणून आज स्वतः आले होते. तुला कळलंच असेल. कंपनीत पोटदुखीचं कारण सांगितलं, दुकानाच्या पायऱ्या चढले. तुमचे मालक, ते दोन चष्मे एकावर एक लावणारे, आतल्या पडद्यामागे जाऊन आले आणि मला म्हणाले, ''काकू, ती म्हणते, ती नाहीये.''

म्हटलं, ''मग तिला सांगा, जी नाहीये तिची पिशवी तुमच्या काउंटरखाली आहे.''

बिचाऱ्याने पिशवीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि वरचा चष्मा काढून पुसायला लागला.

पडद्याखाली तुझे पाय दिसत होते. मी पडदा ओढू शकले असते. दुकानात तीन गिऱ्हाइकं होती, एक बाई डोळा मिटून भिंतीवरची अक्षरं वाचत होती. तिथे मी काय ओरडणार होते? हेच तर. सत्तावीस वर्षं ज्या शब्दाला फाटकाबाहेर येऊ दिलं नाही, तो मी अक्षरं वाचणाऱ्या बाईसमोर बोलले असते, तर तू आजच सावध झाली असतीस. मी म्हटलं, ''तिला म्हणावं, आई येऊन गेली.'' आणि पायऱ्या उतरले.

आता स्टॉपवर बसून लिहिते आहे, पाकीट तुमच्या मालकांच्या हातात देऊन जाईन. नीट वाच.

त्या खोक्यातला माल मेलेला आहे. आमच्या तपासणीत एक भट्टी असते. बाजारात दोन-तीन वर्षं पडून माल टिकेल का, हे बघायला आम्ही तेवढी वर्षं थांबत नाही. प्रत्येक लॉटमधले थोडे नग पाकिटासकट सत्तर अंशांवर सात दिवस भाजतो. मग ते फुगवून फोडतो, पाण्याने भरून टांगतो, आणि लिहितो किती टिकले. उरलेले कापून कचऱ्यात टाकायचे, असा नियम. मी ते कापले नाहीत. घरी आणले. बरणीच्या तोंडाला ते रबर ओढून बसवलं की मुंगी शिरत नाही, आणि फुकटचं रबर टाकायला माझा हात धजत नाही, हे तुला माहीत आहे.

पाकीट बाहेरून अगदी दुकानातल्यासारखं. तारीख अजून दोन वर्षांनंतरची. तू तारीख बघितलीच असशील, औषधाची बाटलीसुद्धा तू तारीख बघितल्याशिवाय उघडत नाहीस. ती तारीख न भाजलेल्या मालाची आहे. आणि हा लॉट नापास झालेला आहे, टिकटिक. हवा भरताना मर्यादेच्या खूप आधी फुटत होते. मीच फोडले. मीच लिहिलं.

त्यातला एकही वापरू नकोस.

दुकानात आत बसून का होईना, हे एक पान वाच.

आई


८ नोव्हेंबर, रविवार

टिकटिक,

काल संध्याकाळी तुमच्या मालकांचा फोन आला. ''काकू, तुमचं पाकीट तिने घेतलं नाही. माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. फाडू का ठेवू?'' त्या माणसाची सभ्यता बघ, फाडायचीसुद्धा परवानगी मागतो. म्हणजे शुक्रवारपासून माझं पत्र चष्म्याच्या काड्यांबरोबर पडून आहे, आणि खोका तुझ्या घरात.

त्यांच्याकडून तुझ्या नवऱ्याच्या गॅरेजचा पत्ता काढला. त्यांनी तो दिला, कारण मी फोनवर रडले. हे मी मुद्दाम केलं नाही, पण उपयोगी पडलं. हे पाकीट उद्या सकाळी पहिल्या बसने त्याच्या हातात पडेल. वर तुझं नाव, आत दोघांसाठी मजकूर. वंगणराव म्हणून मी ज्याचा उद्धार केला, त्याच्या दारात उद्या माझं पत्र. देव बघत असेल तर त्याची छान करमणूक चालली असेल.

जावईबापू, हे तिला वाचून दाखवा. तिने कान झाकले तर मोठ्याने वाचा.

शब्द आता लिहून टाकते. कंडोम. बघ, कागद फाटला नाही.

त्या खोक्यातले कंडोम भट्टीत भाजलेले आणि तपासणीत नापास झालेले आहेत. एकही वापरायचा नाही. शुक्रवारच्या पाकिटात सगळं लिहिलं आहे, मालकांच्या ड्रॉवरमधून घ्या.

आता जे मी तुला सहा वर्षांपूर्वी सांगायला हवं होतं ते. आठवतं, हृदयाच्या डॉक्टरांकडे गेलो होतो? तू वीस वर्षांची. ते म्हणाले, धातूची झडप आहे, रक्त पातळ करायची गोळी जन्मभर, त्या गोळीने पोटातल्या बाळाला धोका, गोळी थांबवली तर हिला धोका. त्यामुळे आमच्याशी ठरवल्याशिवाय दिवस जाता कामा नयेत. नेहमीच्या गर्भनिरोधक गोळ्याही हिला परस्पर चालणार नाहीत. सध्या कंडोम, आणि पुढचं स्त्रीरोगतज्ज्ञांशी बोलून. नीट कसं वापरायचं ते बाहेर सिस्टर समजावतील.

आणि मी म्हटलं, ''नको नको, आम्हाला माहीत आहे.'' आणि तुझा दंड धरून बाहेर आणलं. खोटं नव्हतं. त्या अख्ख्या दवाखान्यात माझ्याइतकं कोणाला माहीत होतं? रोज चारशे फोडणारी बाई होते मी. बसमध्ये तू विचारलंस, ''आई, नीट म्हणजे कसं गं?'' मी म्हटलं, ''खिडकी लाव, वारा येतोय.''

तर खिडकी उघडते.

माल औषधाच्या दुकानातून, पूर्ण डबीत, आतल्या माहितीच्या कागदासकट घ्यायचा. दुकानदार सुटे काढून कागदात गुंडाळून देतो, ते नाही. तो लाजतो आणि त्याच्या लाजेची किंमत आपण मोजतो. तारीख बघायची. पाकीट दाबायचं, आत हवेची उशी लागली पाहिजे. घरात थंड, सावलीच्या जागी ठेवायचं. खिशात, पाकिटात, गाडीच्या सीटखाली नाही. दातांनी फाडायचं नाही, कात्री नाही, आणि तुझी ती लांब नखं जपून. घालताना उलटा धरला गेला तर फिरवून वापरायचा नाही, टाकायचा आणि दुसरा घ्यायचा. टोकाला चिमटीत धरून हवा काढायची, थोडी जागा सोडायची. अगदी सुरुवातीपासून हवा, मधेच आठवण झाल्यावर नाही. झाल्यावर लगेच, कड धरून बाहेर. दर वेळी नवा. आणि जास्त सुरक्षित म्हणून एकावर एक दोन नाही. तुमच्या मालकांचे चष्मे चालतात, हे चालत नाही, रबर रबराला घासून फाटतं.

जावईबापू, पुढचं तुमच्यासाठी. रबराचा वायसर तेलात पडला तर काय होतं, ते मी तुम्हाला सांगायला नको. फुगतो, मऊ होतो, बोटाने तुटतो. हे त्याच जातीचं रबर, आणि वायसरापेक्षा कितीतरी पातळ. आम्ही तेल लावून मिनिटभर ठेवलेले नमुने फुगवले आहेत, ते फुगायच्या आधीच गेले. म्हणून तेल नाही, डबीतली जेली नाही, तोंडाला लावायचं क्रीम नाही. गॅरेजमधून आल्यावर हात साबणाने कोपरापर्यंत. लागलंच तर पाण्यात विरघळणारं जेल, औषधाच्या दुकानात मिळतं, मागताना खोकायचं नाही, सरळ मागायचं. तुमच्या हाताला मी जे काही बोलले होते ते मागे घेते. तेलाबद्दलचं तेवढं ठेवते.

टिकटिक, तुझ्या टेबलाच्या खणात फेसाच्या गोळ्यांचं रिकामं पाकीट सापडलं. खण उघडला म्हणून चिडशील, चिड. ती गोळी शुक्राणू मारायची आहे, पण एकटीच्या भरवशावर राहायची नाही, तिच्या एकटीच्या जोरावर पाळणे हलले आहेत. कंडोमच्या जोडीला म्हणून ठीक. आत खोल ठेवायची, तीही आधी, आणि दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, ती विरघळायला हवी. तासाभराने तिचा जोर संपतो. दुसऱ्या वेळी दुसरी गोळी. नंतर सहा तास आतून धुवायचं नाही. ती कोणताही रोग अडवत नाही, आणि वारंवार वापरली तर आतली कातडी सोलते. जळजळ झाली की बंद. तुझ्या झडपेला जंतू परवडत नाहीत, म्हणून तुला ती चालते की नाही हे आधी डॉक्टरांना विचार, मैत्रिणीला नाही.

आणि कंडोम फाटला, घसरला, काहीही झालं, तर वाट बघायची नाही. 'बघू महिना येतो का' असं नाही. त्याच दिवशी डॉक्टर. तीन ते पाच दिवसांपर्यंत उपाय असतात, पण ते जितके लवकर तितके चांगले. तुझ्या गोळीबरोबर काय चालेल ते डॉक्टरच सांगतील. दुकानातून परस्पर काही घ्यायचं नाही आणि रोजची गोळीही थांबवायची नाही.

झालं. सहा वर्षं घेतली, आणि दोन पानांत बसलं.

आता ते वाक्य. तू म्हणालीस, ''तुला माझं काहीच पसंत नाही.'' मी म्हणाले, ''तू तरी कुठे पसंतीने आलीस? टेस्टिंगमधून निसटलेला नग आहेस तू.'' बोलताना मला ते चटपटीत वाटलं, हे खरं सांगते. माझं तोंड आधी चालतं आणि मी मागून धापा टाकत जाते. तू पाणी न पिता ग्लास ठेवलास, हे मी पाहिलं.

झालं असं होतं: तुझे बाबा डबी स्कूटरच्या सीटखाली ठेवायचे. अख्खा उन्हाळा. मला नोकरीला लागून सहा महिने झाले होते, उष्णतेने रबराचं काय होतं ते मी रोज भट्टीतून काढून बघत होते. आणि नवऱ्याला एवढंही म्हणाले नाही की अहो, ती डबी घरात ठेवा. लाज वाटली. तीच लाज बाबा गेल्यावरही घरात राहिली, भाडं न देता.

पण आमच्या खात्यात निसटलेल्या नगाचा नियम काय आहे ते तुला ठाऊक नाही. दोष नगावर लिहीत नाहीत. तपासणाऱ्याच्या नावावर लिहितात. आणि खरं सांगू, तुला अकराव्या वर्षी ऑपरेशनच्या दारातून आत नेलं, तेव्हा मी बाहेरच्या बाकावर बसून देवाशी जे भांडले, ते नको असलेल्या मुलीसाठी कोणी भांडत नाही. परत आलीस ती टिकटिक करत. त्या रात्रीपासून मी घरातलं भिंतीवरचं घड्याळ बंद ठेवलं, म्हणजे आवाज कुणाचा हे मला विचारावं लागू नये.

खोका परत पाठव. किंवा जाळ. पण जाळल्याचं कळव.

आई


१० नोव्हेंबर, मंगळवार, सकाळ

टिकटिक,

हे तुमच्या दुकानाच्या पायरीवर बसून, डोळे तपासायच्या कार्डाच्या मागे लिहिते आहे. कार्ड मालकांनी दिलं, पेनही. चहा देऊ का म्हणाले. जगातले सभ्य लोक सगळे तुझ्या वाट्याला आलेत, एक मी सोडून.

पहिल्या बसचा कंडक्टर मला घरी येऊन खोका देऊन गेला. गॅरेजच्या फडक्यात बांधलेला, गाठ तुझ्या नवऱ्याची, सुटता सुटेना. आत तुझी चिठ्ठी. 'सहा वापरले. रविवारी रात्री एक फाटला. फेसाची गोळी नंतर ठेवली. आता?'

रविवारी. मी शुक्रवारी लिहिलं होतं. ते ड्रॉवरमध्ये होतं. पडद्याखाली तुझे पाय होते आणि माझ्या तोंडात तो शब्द होता, आणि मी म्हणाले 'आई येऊन गेली'. हे आता माझ्या नावावर लिहिलं गेलं, मी खोडणार नाही.

पण तुझी चिठ्ठी मी वीस वेळा वाचली ती शेवटच्या शब्दासाठी. 'आता?' हे तू मला विचारलंस. तर आता ऐक.

रविवार रात्र ते आज सकाळ, दीड दिवसही झाला नाही. मुदत आहे. मुदत आहे म्हणून थांबायचं नाही. बसमधूनच हृदयाच्या डॉक्टरांना फोन केला. सगळं सांगितलं, अर्ध्या बसने ऐकलं, माझ्या शेजारचा माणूस उठून मागे जाऊन बसला, मला ऐसपैस जागा मिळाली. डॉक्टर म्हणाले, आत्ता घेऊन या, स्त्रीरोगतज्ज्ञ त्यांच्याच इमारतीत आहेत, दोघं मिळून ठरवतील. रक्त किती पातळ आहे तेही आजच बघतील. काल संध्याकाळची तुझी गोळी घेतली असशीलच, नसशील तर तसं सांग. बाकीचे पाच फाटले नसतील, पण फाटलेलं दिसतंच असं नाही, त्यांचीही तारीख सांग, ते विचारतील. लघवीची तपासणी आज काही दाखवणार नाही, रविवारच्यासाठी तीन आठवड्यांनी पुन्हा करावी लागेल. आज काही दिसलं नाही म्हणून कोणी 'काही नाही' म्हटलं तर ऐकायचं नाही.

तुझी फाइल आणली आहे. अकराव्या वर्षापासूनचे सगळे कागद. दुपारची बस नको, जावईबापू गाडी घेऊन येत आहेत, तेच म्हणाले, ''मी येतो, आई, तुम्ही फक्त तिला बाहेर काढा.'' आई म्हणाला. तू असतीस तर घड्याळात बघून वेळ टिपून ठेवली असतीस.

आज पडदा ओढणार नाही. तू स्वतः बाहेर ये. मला क्षमा करायला नको, माझ्याशी बोलायला नको, माझ्याकडे बघायलाही नको. तू आणि तो पुढे बसा, मी मागे बसते. फाइल मांडीवर धरून बसेन आणि जाताना एक शब्द काढणार नाही. एकही टोमणा नाही. त्याच्या गाडीवर नाही, तुझ्या केसांवर नाही, तू बारीक झालीस यावर नाही, आणि झालीस बरं का, पडद्याखालच्या पायांवरूनच कळलं.

डॉक्टरांनी मला काही विचारलं तरच तोंड उघडेन. ते विचारतील, तुम्हाला इतकं कसं माहीत, तुम्ही कुठे काम करता. सहा वर्षांपूर्वीही विचारलं होतं त्यांनी, तेव्हा मी हातमोजे म्हणाले होते.

आज तू शेजारी असशील. ऐक मी काय म्हणते ते.

आई